सुराच्या आधीचं व्यंजन

हे पुस्तक एका तक्रारीतून निघालं. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा एका रविवारी सकाळी गिटार, प्रोसेसर, हेडफोन आणि वायरींचं भेंडोळं असा सगळा संसार घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "काका, हे बिघडलंय बहुतेक. प्रत्येक सुराच्या आधी चिक असं काहीतरी वाजतं. दुकानात दाखवलं तर त्यांनी नॉईज गेटचं पेडल दिलं. ते लावूनही वाजतंच." पेडलची किंमत त्यानं सांगितली तेव्हा मी गप्प बसलो. ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा तेवढ्या पैशासाठी मला पाच नाइट वाजवाव्या लागल्या असत्या.

हेडफोन लावून ऐकलं. तक्रार खोटी नव्हती. सूर निघायच्या अगदी आधी, कुणीतरी नखानं टेबलावर टिचकी मारावी तसा एक आवाज. जाड तारांवर तोच लांबून खर्र व्हायचा. डिलेचा प्रतिध्वनी लावला की ती टिचकी सुरासकट तीनदा, चारदा परत यायची. पोरगं वाजवत होतं चांगलं, पण ऐकताना सुरापेक्षा टिचकीच मोजली जात होती.

मी त्याला अर्धं मिनिट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला सांगितलं, मग गिटार खाली ठेवायला लावली आणि हाताची घडी घालून नुसतं ऐकायला बसवलं. आवाज निम्मा झाला होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. वाजवताना जे ऐकू येत होतं त्यातलं बरंचसं वायरीतून येतच नव्हतं. तारा छेडायचं प्लॅस्टिकचं पिक तारेवर आपटल्याचा आवाज लाकडातून आणि हवेतून, हेडफोनच्या गादीखालून थेट कानात शिरत होता. रात्री अकरानंतर, पंखा बंद, खोली शांत, हेडफोनचा आवाज बेताचा, अशा वेळी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे हलक्या आवाजाची साधी गिटारच असते, हे आपण विसरतो. ज्यांना हे पुस्तक पुढे वाचायचंय त्यांनी आधी ही परीक्षा करावी. काहींचं काम तिथेच होईल आणि पुस्तकाचे पैसे वाचतील.

उरलेल्या निम्म्याचं काय? प्रोसेसरच्या पडद्यावर पाहिलं तर त्याच्या इफेक्टांच्या साखळीत अॅम्प होता, पण स्पीकरची पेटी बंद केलेली. ते सेटिंग कुणीतरी खऱ्या अॅम्पला जोडण्यासाठी तयार केलेलं होतं; यानं ते उतरवून घेतलं आणि सरळ हेडफोनवर वाजवू लागला. पेटी चालू केली आणि उरलेल्यातलंही निम्मं गेलं. थोडक्यात हिशेब असा : रुपयातले आठ आणे खोलीत होते, चार आणे स्पीकरच्या गैरहजेरीत, आणि राहिलेले चार आणे त्याच्या उजव्या हातात. नॉईज गेटच्या वाट्याला छदामही आला नाही.

तो गेल्यावर मात्र मला एक प्रश्न छळायला लागला. वीसेक वर्षं मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. गणपतीत एका मांडवातून दुसऱ्या मांडवात टेम्पोनं जाऊन वाजवली. प्लॅस्टिकच्या फूटपट्टीतून कात्रीनं कापलेल्या पिकनं वाजवली, ज्याच्या कडेला करवतीसारखे दाते असायचे. ही चिकचिक मला कधीच कशी ऐकू आली नाही? माझा हात त्या मुलाच्या हातापेक्षा गोड होता असं समजण्याचं कारण नाही. मग ती टिचकी जायची कुठे?

ती स्पीकरमध्ये मरायची. गिटारच्या अॅम्पमध्ये बसवतात तो बारा इंची स्पीकर म्हणजे खरं तर एक गाळणी. सेलेशन कंपनीचा 'व्हिंटेज ३०' हा जगभर वापरला जाणारा स्पीकर घ्या. कंपनी स्वतःच त्याची मर्यादा ७० ते ५००० हर्ट्झ अशी देते. तरुण कानाला ऐकू येतं २०,००० पर्यंत. एवढ्या मोठ्या कागदी शंकूच्या तब्येतीला सेकंदाला आठ हजार वेळा मागेपुढे हलणं झेपत नाही, म्हणून पाच हजारांच्या पुढे त्याचा आवाज कड्यावरून उतरल्यासारखा खाली येतो. पिकची टिचकी आणि खरखर राहते साधारण दोन हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंतच्या पट्ट्यात. म्हणजे तिचा वरचा, टोचणारा भाग मांडवातल्या लोकांपर्यंत पोचतच नव्हता. तो स्पीकर कुणी टिचकी लपवायला बनवला नव्हता. तो तसा होता, आणि सत्तर-ऐंशी वर्षांत आपल्या कानांनी 'इलेक्ट्रिक गिटारचा आवाज' म्हणून जे ओळखायचं ठरवलं, ते त्या मर्यादेसकटच.

मग गिटार स्पीकर सोडून निघाली. 'बोस्टन' बँडच्या टॉम शोल्झनं १९८२ साली 'रॉकमन' काढला, कमरेला लावायचा आणि हेडफोनवर ऐकायचा अॅम्प. १९९५ मध्ये रोलंडचा 'व्हीजी-८' आला, १९९८ मध्ये 'लाइन ६' कंपनीचा 'पॉड', लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्यासारखा. या मंडळींना स्पीकरची गरज नीट कळलेली होती. त्या यंत्रांच्या पोटात स्पीकरची नक्कल होतीच. आता हे काम बहुधा 'इम्पल्स रिस्पॉन्स' नावाच्या छोट्या फाइलींवर चालतं. खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून त्याला एक ठरावीक आवाज ऐकवायचा, त्यानं काय उत्तर दिलं ते नोंदवायचं आणि ते उत्तर आपल्या गिटारला चिकटवायचं. ४८ किलोहर्ट्झवर २०४८ नमुन्यांची फाइल असेल तर ते उत्तर जेमतेम ४३ मिलिसेकंदांचं असतं. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण तेवढ्या तुकड्यात अख्खी लाकडी पेटी मावते आणि टिचकीचं वरचं टोक तिथेच गळून पडतं. एक मात्र ध्यानात ठेवायचं. माइक शंकूच्या मधोमध ठेवून केलेल्या फाइली उजळ असतात, कडेला सरकवून केलेल्या मऊ. टिचकीनं हैराण झालेल्यांनी इक्वलायझरला हात लावण्याआधी फाइल बदलून पाहावी.

तेव्हा या पुस्तकाचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पिकचा आवाज प्रोसेसरच्या डिजिटल डब्यात जन्माला येत नाही. तो हातात, पिकमध्ये आणि तारेवर जन्मतो. डबा फक्त त्याच्यावरचा पडदा काढतो, आणि काही वेळा त्याच्यापुढे माइक धरतो. म्हणून उपायही त्याच क्रमानं करायचे. डब्यातल्या साखळीच्या शेवटी काहीतरी जोडून सुरुवात करणं म्हणजे नळ गळतोय म्हणून रोज फरशी पुसणं.

डब्याबद्दल बोलायचं तर सगळ्यात आधी गेट, कारण सगळे त्याच्यावरच पैसे घालवतात. नॉईज गेट हा सोसायटीच्या वॉचमनसारखा. रिकाम्या वेळी कुणी आत घुसू लागलं तर अडवतो. पण इथं राहणाऱ्या माणसाचा हात धरून पाहुणा आला तर सलाम ठोकून फाटक उघडतो. पिकचा आवाज सुराचा हात धरूनच येतो. खरं तर दोन पावलं पुढेच असतो, फाटक तोच उघडायला लावतो. गेट पंख्याची घरघर थांबवेल, वाजवायचं थांबल्यावरची सुरसुर थांबवेल. टिचकीपुढे ते हतबल आहे. दुकानदार हे सांगत नाही. त्याला माहीतच नसेल असंही मी धरून चालतो.

डिस्टॉर्शनची गोष्ट वेगळी आणि जास्त मजेची. वाटतं असं, की डिस्टॉर्शन सगळंच फाडतं, तर टिचकी त्यात बुडून जाईल. मोठी टिचकी बुडतेही, कारण तिचं डोकं कापलं जातं. पण डिस्टॉर्शन मोठ्याला कापतं तसंच लहानाला उचलतंही. पिक तारेवर टेकतं, क्षणभर तिथे घासतं, मग तार सुटते. त्या टेकण्याघासण्याचा जो बारीक आवाज स्वच्छ गिटारवर कुणाच्या खिजगणतीत नसतो, तो भरपूर गेनमध्ये सुराच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. त्यातून आधीचा सूर चालू असताना पिक त्याच तारेवर पुन्हा टेकलं, तर हलणारी तार पिकवर थडथडते आणि पिकच्या पलीकडचा ब्रिजकडचा आखूड तुकडा वेगळ्याच उंच सुरात किंचाळतो. ही खरी चिमणी. इंग्रजी पुस्तकांतही तिला चिवचिवाटाचंच नाव आहे. तिच्यावर इक्वलायझर चालत नाही, कारण ती दर वेळी वेगळ्या जागी बोलते. टेकणं आणि सोडणं यांच्यातला वेळ कमी करणं हा एकच उपाय, आणि तो मनगटाचा आहे.

कॉम्प्रेसरनं पोरांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं डिस्टॉर्शननंही केलं नसेल. त्यावर 'अटॅक' नावाचा नॉब असतो. 'अटॅक वाढवला' की हल्ला वाढेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो नॉब सांगतो की कॉम्प्रेसरनं किती वेळ झोपून राहायचं. तीस मिलिसेकंदांवर ठेवलात तर टिचकी आरामात निघून जाते, मग कॉम्प्रेसर जागा होतो आणि बिचाऱ्या सुराला दाबतो. त्यानंतर आपण एकंदर आवाज वाढवतो, कारण सूर दबला. वाढते काय, तर टिचकी. एक-दोन मिलिसेकंदांवर आणलात तर निदान पहिला वार अंगावर घेणारा कुणीतरी जागा असतो. काही कॉम्प्रेसरांवर हा नॉब उलटा चालतो, तेव्हा आकड्यावर नको, कानावर विश्वास ठेवा.

डिलेचं सोपं आहे. जुने टेपवाले एको प्रत्येक फेरीला थोडे मळके व्हायचे, त्यामुळे तिसऱ्या प्रतिध्वनीत टिचकी उरायचीच नाही. डिजिटल डिले प्रामाणिक. जसं घेतलं तसं परत देतो. त्याच्या सेटिंगमध्ये 'हाय कट' असतो, तो तीन-चार हजारांपर्यंत खाली आणला की काम होतं. मूळ सूर जसाच्या तसा राहतो, फक्त त्याची पिलावळ गप्प बसते.

सूर वरखाली करणारी, हार्मनी देणारी यंत्रं यांच्याबद्दल पुस्तकात एक आख्खं प्रकरण आहे, इथे फक्त त्यांची अडचण सांगतो. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर सेकंदाला सुमारे ८२ वेळा हलते. म्हणजे एका हेलकाव्याला १२ मिलिसेकंद. सूर कोणता हे ठरवायला यंत्राला एक-दोन हेलकावे तरी बघायला हवेत. त्या वेळात त्याच्यासमोर काय असतं? टिचकी, जिला सूरच नाही. यंत्र तिच्यात सूर शोधायला जातं आणि भलताच शोधून काढतं. म्हणून सुरुवातीला तो घोगरा, अडखळणारा आवाज येतो. नेक पिकअप लावा, टोनचा नॉब निम्म्यावर आणा, हे यंत्र साखळीत पुढे, डिस्टॉर्शनच्या आधी बसवा. तेवढ्यानं त्याचं डोकं बरंच ताळ्यावर येतं.

आणि एक दोष असा आहे जो खरोखर डिजिटलचाच आहे. जुन्या सिनेमात टांगा पळत असतो आणि चाक मात्र उलटं फिरताना दिसतं. चित्रं घेण्याचा वेग चाकाला पुरत नाही म्हणून. आवाजाचंही तसंच. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारं यंत्र २४,००० हर्ट्झच्या वरचं काही धरू शकत नाही. आत डिस्टॉर्शननं ३०,००० चा एखादा उपसूर तयार केला तर तो जात नाही, उलटा फिरून १८,००० वर येऊन बसतो, आणखी वरचे असतील तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात खोलवर उतरतात. त्यांचा मूळ सुराशी काही नातेसंबंध नसतो. टिचकी वरच्या आवाजांनी भरलेली असल्यामुळे हा प्रकार तिथेच जास्त घडतो आणि तिला काचेसारखी धार चढते. चांगले प्रोसेसर आत चौपट, आठपट वेगानं हिशेब करून हे टाळतात. सॉफ्टवेअरमध्ये 'ओव्हरसॅम्पलिंग' असा पर्याय दिसला तर तो चालू करून ऐका. आणि डिस्टॉर्शनच्या आधी थोडं वरचं कापा. नंतर कापण्यात आणि आधी कापण्यात फार फरक आहे, डाळ फोडणीआधी निवडण्यात आणि खडा दाताखाली आल्यावर काढण्यात असतो तेवढा.

डबा इथे बाजूला ठेवतो. हाताकडे येऊ.

त्या मुलाचा उजवा हात मी जवळून पाहिला. पिक तारेला अगदी समांतर धरलेलं, बोटांबाहेर जवळजवळ निम्मं. बारीक, साध्या तारांवर ते सपाट आपटायचं : टक. मी त्याला पिक जरासं तिरकं करायला सांगितलं, म्हणजे सपाट पोटाऐवजी कड आधी जाईल. टक गेली. लगेच तो जाड तारांवर गेला आणि खर्र सुरू झालं. हे असंच होतं. जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. गुंडाळीची तार ०.३ मिलिमीटरची धरली आणि पिकची कड तिच्यावरून सेकंदाला एक मीटर वेगानं सरकली, तर सेकंदाला तीन हजारांवर पायऱ्या लागतात. आपला कान नेमका याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. म्हणजे साध्या तारांवर तिरकं, गुंडाळलेल्यांवर थोडं सरळ. कोन तारेगणिक बदलायचा. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांचा हात हे त्यांना न सांगता करतो. मी करतो की नाही, हे मला स्वतःला रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत ठाऊक नव्हतं. करत होतो, पण फक्त वरून खाली येताना. खालून वर जाताना मीही खरखरत होतो, आणि हे कळायला मला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

बाकी दोन गोष्टी चटकन सांगण्यासारख्या. पिकचं टोक तारेखाली दोन मिलिमीटरहून जास्त उतरू नये. जास्त उतरलं तर तार ओढली जाते आणि सुटताना फटकारते. आणि ब्रिजजवळ वाजवलं की आवाज पातळ, टोकदार होतो, टिचकीही उघडी पडते. हात मानेकडे दोन बोटं सरकवला तर सुराला अंग येतं. लोक हे सोडून नवा पिकअप घ्यायला निघतात.

पिकबद्दल मात्र मला रेंगाळायचंय. आधी एक खुलासा : मराठीत पिक म्हटलं की शेत आठवतं, आणि खेड्यातल्या एका कार्यक्रमात 'पिक हरवलं' असं मी माइकवर बोलून गेलो तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मनापासून हळहळ व्यक्त केली होती. सतारीला नखी असते, सरोदला करवंटीचा जवा. गिटारच्या पिकला आपल्याकडे घरचं नाव मिळालं नाही. एके काळी पिक समुद्री कासवाच्या कवचाची असत, हॉक्सबिल नावाच्या कासवाची. कवच लवचीक, गुळगुळीत, आपटलं तरी आवाज गोल. न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रेआनं १९२२ मध्ये सेल्युलॉइडची पिक कापायला सुरुवात केली. कासवांच्या व्यापारावर पुढे आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि ती यायलाच हवी होती. १९८१ मध्ये जिम डनलॉपनं 'टॉर्टेक्स' आणलं, नावातच कासव. हात घामेजले तरी न निसटणारं, थोडं खडबडीत. आज टॉर्टेक्सच्या रंगावरून जाडी ओळखतात : नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १ मिलिमीटर.

या आकड्यांत एक फसवणूक दडलेली आहे. पातळ पिक हळुवार वाजेल असं वाटतं. उलट ०.५० च्या आसपासची पिक तारेवर पत्त्यासारखी फडफडतात आणि त्या फडफडीचाच आवाज पकडला जातो. जाड पण टोकाला गोल, गुळगुळीत कडेचं पिक सगळ्यात गप्प. म्हणून माझा सल्ला नवीन पिक घेण्याचा नाहीच. हिरवं किंवा निळं असेल ते घ्या, हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणा, आधी चारशे नंबर, मग हजार, आणि कडा दोन्ही बाजूंनी तिरक्या घासा. शेवटी जुन्या जीन्सच्या मांडीवर पाच मिनिटं. कारखान्यातून येताना पिकच्या कडेला बारीक रेघ असते, डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागते. ती रेघ गेली की जाड तारेवरची खरखर ज्या प्रमाणात उतरते, ते पाहून त्या मुलानं मला संशयानं विचारलं होतं, "काका, तुम्ही प्रोसेसरला हात लावलात ना?"

काही जण पिकच टाकून देतात. वेस मॉन्टगोमरी अंगठ्यानं वाजवायचा. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून त्याला ती सवय लागली असं सांगतात, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाही ते पटेल. त्याच्या अंगठ्याचा मऊ सूर १९६० नंतरच्या जॅझ गिटारवर कायमचा उमटला. दुसऱ्या टोकाला 'क्वीन'चा ब्रायन मे. तो वाजवतो सहा पेन्सच्या नाण्यानं, धातूच्या, दातेरी कडेच्या. इंग्लंडमधून ते नाणं १९८० मध्येच चलनाबाहेर गेलं, मे मात्र त्याला चिकटून आहे, कारण ते दाते तारेवर घासून निघणारी खरखर त्याला हवी असते. आम्ही ज्याला रोग म्हणतो ते त्याच्याकडे अलंकार आहे.

इथे या पुस्तकाच्या नावाकडे येतो. मराठीत 'स्वर' हा शब्द दोन कामं करतो : सा रे ग म हे स्वर, आणि अ आ इ ई हेही स्वर. मला हा योगायोग वाटत नाही. अक्षरातला स्वर गाता येतो, लांबवता येतो. बहुतेक व्यंजनं लांबवता येत नाहीत, ती फक्त स्वराच्या तोंडाशी उभी राहून त्याला ओळख देतात. पिकची टिचकी हे गिटारचं व्यंजन. सतार शिकताना 'दा' आणि 'रा' हे बोल घोकायला लावतात, तेव्हा गुरू दुसरं काय शिकवत असतो? आघाताला व्यंजन असतं हेच. त्या मुलाच्या हट्टापायी आम्ही एका संध्याकाळी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सुराची पहिली वीस मिलिसेकंदं हळूहळू बुजवत नेली. टिचकी संपूर्ण गेली. पण उरलं ते गिटारसारखं लागेना. दात काढून ठेवलेल्या माणसाचं बोलणं जसं लागतं तसं लागायला लागलं. ताल कुठे पडतोय तेही कळेना. त्यानं स्वतःच निम्मं परत आणलं.

१९७३ च्या 'यादों की बारात'मधल्या 'चुरा लिया है तुमने जो दिल को'ची सुरुवात आठवा. राहुलदेव बर्मननी तिथे काचेच्या ग्लासचा आवाज वापरला. शुद्ध टिचकी, आणि ऑर्केस्ट्रात तेवढी टिंग वाजली की लोक शिट्ट्या मारायचे, गाणं सुरू व्हायच्या आधीच. तेव्हा ऐकताना ठरवायचं एवढंच असतं की हा आवाज आपण केला की आपल्या हातून झाला. पुढची प्रकरणं फक्त हातून होणाऱ्या आवाजाची आहेत.

पुस्तकाची रचना उपायांच्या क्रमानंच ठेवली आहे. आधी खोली, मग हात, मग पिक आणि तारा, मग गिटारवरचे नॉब, मग स्पीकरची पेटी, आणि सगळ्यात शेवटी इक्वलायझर, कॉम्प्रेसर वगैरे. घाई असलेले शेवटापासून वाचतील हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर 'मागे जा' असं लिहून ठेवलं आहे. केबलवर दोनच पानं आहेत, पण ती वाचा : लांब केबल, विशेषतः जुनी गुंडाळीची, वरचे आवाज चोरून खाते, आणि वायरलेस घेतल्यावर अचानक टिचकी वाढली असं वाटणाऱ्यांनी नवं यंत्र बदलून मागण्याआधी तो चोर गेला हे लक्षात घ्यावं. डाव्या हाताच्या बोटांनी जाड तारांवर होणाऱ्या चिरचिरीबद्दल मी जवळपास काही लिहिलेलं नाही. तो विषय मोठा आहे आणि त्यात मी अजून स्वतःच नापास आहे.

सेटिंगचे तयार आकडे मागणाऱ्यांची निराशा होईल. आकडे दिलेत, पण प्रत्येकाबरोबर कुठली गिटार, कुठलं पिक, कुठली तार हेही दिलंय, कारण माझ्या गिटारवरचे साडेपाच हजार हर्ट्झ तुमच्या गिटारवर कदाचित सात हजार असतील. पुस्तक हातात घेताना एक जुनं पिक आणि पॉलिश पेपरचा तुकडा जवळ असू द्या. रेकॉर्डिंगसाठी मोबाइल चालणार नाही. तो खोलीतला आवाजही पकडेल आणि आपण पहिल्या पायरीवरच अडकू. वायरीतून रेकॉर्ड करायचं, गिटार ठेवायची, मग ऐकायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं या पुस्तकाचा कच्चा खर्डा दोनदा वाचला आणि माझी तीन गणितं सुधारली. गेटचं पेडल त्यानं विकलं. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, आता टिचकी नाही येत. पण वाजवताना खुर्ची करकरते, ती आधी कधी ऐकूच आली नव्हती." मी त्याला स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन बसायला सांगितलंय.